पाठकोरा कागद

"डोळे मिटा," मी म्हणालो. "पाठ ताठ. आधी एकोणतीसचा पाढा, मग अठ्ठावीसचा, मग सत्तावीसचा. मी येईपर्यंत कोणी डोळे उघडायचे नाहीत."

अकरा जणांनी डोळे मिटले. मी खडू फळ्याच्या कडेवर ठेवला आणि खोलीबाहेर पडलो. धावायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. सत्तर वर्षांचा मास्तर सकाळी सव्वासातला वाचनालयाच्या अंगणातून धावताना दिसला की तासगावात दुपारपर्यंत चार गोष्टी तयार होतात. मागच्या खोलीपासून अंगणापलीकडच्या संडासापर्यंत एक्केचाळीस पावलं होती. तिसाव्या पावलाच्या आसपास कळ अशी यायची, की पुढची अकरा पावलं श्वास रोखूनच टाकावी लागायची.

त्या दिवशी पोहोचलो. दोन दिवसांपूर्वी पोहोचलो नव्हतो. तेव्हापासून मी गडद रंगाची पँट घालत होतो आणि आत जुन्या धोतराची घडी ठेवत होतो.

"एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर," अंगणापलीकडून आवाज आला. "एकोणतीस साते दोनशे तीन."

मी खाली पाहिलं. पुन्हा रक्त. ताजं, तांबडं. त्याबरोबर शेंबडासारखं काहीतरी. मी साखळी ओढली, हात धुतले, चष्मा पुसला आणि परत निघालो. तेव्हा मुलं अठ्ठावीसच्या निम्म्यावर होती.

"उघडा," मी म्हणालो. "शाब्बास. आता काळ-काम-वेग."

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. निवृत्तीनंतर मी दर वर्षी पाचवीच्या दहाबारा मुलांना शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी शिकवायचो. फी नाही. अट एकच, घरी कोणी शिकवायला बसायचं नाही. त्या हिवाळ्यात माझ्या पाढ्यांचं गावात कौतुक चाललं होतं. डोळे मिटून म्हटल्यानं एकाग्रता वाढते, असं एका मुलीच्या वडिलांनी मला चौकात थांबवून सांगितलं. मी मान डोलावली.

खरं काय ते फक्त कुमुदला, माझ्या बायकोला माहीत होतं, आणि तिलाही अर्धंच. मार्च ते मे मी एसटीनं मिरजेला जाऊन येत होतो. गावाला सांगितलं होतं, मणक्याला शेक घेतोय. शेकच होते ते, पण प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी रेडिएशनचे. सदतीस दिवस रोज पाणी पिऊन लघवी तुंबवून त्या टेबलावर पडायचं. शेवटच्या दिवशी तिथल्या बाईंनी फाइल हातात दिली आणि म्हणाल्या, "आजोबा, आत मराठीत सूचना आहेत. घरी गेल्यावर वाचा बरं का."

"वाचतो," मी म्हणालो. फाइल कपाटात ठेवली आणि कपाट लावलं. त्या वास्तूची एकही खूण मला डोळ्यांसमोर नको होती.

सहा महिने बरे गेले. नोव्हेंबरात रक्त दिसलं. मी एकट्यानंच निष्कर्ष काढला, की तो परत आलाय. आणि ठरवलं, की फेब्रुवारीतली परीक्षा होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही. एकदा मिरजेला गेलो, की वर्ग बंद. आणि मुलांना किंवा त्यांच्या आईबापांना कळलं, की गुरुजी वर्गातून का उठतात, तरीही वर्ग बंद. ज्याला स्वतःचं आवरत नाही, त्याच्याकडं पोरं कोण पाठवणार?

"उष्णता झालीये," मी कुमुदला सांगितलं. तिनं सब्जा भिजवायला सुरुवात केली. पण ती माझं तोंड वाचायची.

"अहो, मिरजेला दाखवून येऊ या का?"

"परीक्षा झाल्यावर."

"परीक्षेला तुम्ही बसणार आहात का?"

मी गठ्ठ्यातून कागद मोजायला लागलो.

या गठ्ठ्याबद्दल सांगायला हवं. पाठकोरे कागद जमवायची मला पहिल्या नोकरीपासून सवय. लग्नपत्रिका, वाचनालयाची परिपत्रकं, जुनी बिलं, ज्याची एक बाजू कोरी असेल ते सगळं. दर दिवाळीत कुमुद घरातली कपाटं उपसून असे कागद वेगळे काढायची आणि सारखे कापून, दोऱ्यानं बांधून मला द्यायची. सराव परीक्षेला मुलांना तेच कागद. मी स्वतः प्रश्नपत्रिका मात्र दोन्ही बाजूंनी लिहायचो आणि खाली बाण काढून 'कृपया मागे पाहा' असं घालायचो. मुलांना त्याची फार गंमत वाटायची. ती कुठंही 'कृपया मागे पाहा' लिहायची. एकदा एकानं दुसऱ्याच्या शर्टावर खडूनं लिहिलं होतं.

मुलांमध्ये शिवलीला मगदूम सगळ्यांत हुशार होती असं नाही, पण सगळ्यांत जास्त प्रश्न विचारणारी होती. आगगाडीची लांबी काढायच्या गणितात ती विचारायची, "गुरुजी, पुलावर थांबलेल्या माणसाचं काय झालं?" तिचे आजोबा कल्लाप्पा, बेदाण्याचे व्यापारी, माझे जुने दोस्त. गाव त्यांना आप्पा म्हणायचं. रोज सकाळी वाचनालयात पहिला पेपर त्यांचा. पण दिवाळीपासून ते यायचे बंद झाले होते. उन्हाळ्यात सोलापूरला लेकीकडं राहून त्यांनी हर्नियाचं ऑपरेशन करून घेतलं होतं. तेव्हापासून माणूस जरा मऊ पडलाय, असं लोक म्हणत.

डिसेंबरातल्या त्या सोमवारी वर्ग सुटल्यावर शिवलीला थांबली. बाकीची गेल्याची तिनं खात्री केली आणि माझ्या टेबलाजवळ आली.

"गुरुजी, एक विचारू?"

"विचार."

"तुम्हाला मिरजेला शेक दिले ते मणक्याला नव्हते ना?"

माझ्या हातातलं डस्टर खाली पडलं. ते उचलायला वाकायची मला भीती वाटली. तिनंच उचलून दिलं.

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. गुरुजी, आप्पांना पण..."

"आप्पांना पण सांगितलंस?"

तिनं मान हलवली. तिचे डोळे मोठे झाले होते. मला एवढंच ऐकू येत होतं, की ही गोष्ट दहा वर्षांच्या पोरीपर्यंत पोहोचली, म्हणजे पेठेत पोहोचलीच.

"हे बघ शिवलीला. हे कोणाशी बोलायचं नाही. आईशी नाही, आप्पांशी तर मुळीच नाही. माझ्याशीसुद्धा नाही. कळलं?"

"पण गुरुजी, त्यांचं..."

"तोंडावर बोट."

अडतीस वर्षं मी हा हुकूम सोडत आलो होतो. त्याला कधी कोणी प्रश्न विचारला नव्हता. शिवलीलानं बोट ओठांवर ठेवलं. मी दार उघडून धरलं. ती तशीच, बोट न काढता, अंगण ओलांडून गेली.

मंगळवारी सराव परीक्षा होती. बुधवारी मी घरी पेपर तपासले. शिवलीलाचं शेवटचं गणित अवघड होतं आणि तिनं ते छोट्या रीतीनं सोडवलं होतं, मी शिकवलेल्या रीतीपेक्षा छोट्या. मी लाल पेननं मोठी बरोबरची खूण केली आणि लिहिलं, 'छान. अक्षर सुधार.' खाली तिनं बाण काढून 'कृपया मागे पाहा' लिहिलं होतं. यांचा खेळ काही संपत नाही, म्हणून मी हसलो. कागद गठ्ठ्याच्या तळाशी घातला आणि दुसऱ्या मुलाचा ओढला.

त्याच संध्याकाळी मगदुमांच्या घरावरून येताना आप्पांनी कट्ट्यावरून हाक मारली. खाली त्यांनी जाड उशी घेतली होती.

"काय ओ गुरुजी, मणका काय म्हणतोय?"

"ठीक आहे. तुमचा हर्निया?"

"एकदम झकास." त्यांनी उशी सारखी केली. "पर ही एक नवीच कटकट. मूळव्याध. रक्त पडतंय ओ. म्हटलं, वय झालं, आता एकेक इंद्रिय आपापला हिशेब मागणार."

"दाखवलंत का?"

"उद्याच जातोय. तो पेठेत बोर्ड लावलाय की, मूळव्याधवाला डॉक्टर. जाळून टाकतो म्हणतोय. अर्धा तास पडायचं, संध्याकाळी घरी. आता आधी म्हाईत असतं तर दोन म्हैने ह्या उशीवर काढलं नसतं."

मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिलो. खरं सांगतो, मला त्यांचा हेवा वाटला. या माणसाचं रक्त साध्या मूळव्याधीचं आणि माझं मात्र तसलं.

"बसा की. च्या टाकायला सांगतो."

"नको. घरी वाट बघतायत," मी म्हणालो. कळ यायला लागली होती.

जाताना मी वर पाहिलं. माडीच्या खिडकीत शिवलीला उभी होती. मी हात केला. तिनं केला नाही.

गुरुवारी ती वर्गात आली नाही. शुक्रवारी आली. त्या दिवशी मी तपासलेले पेपर मुलांना दाखवून परत घेतले. आप्पा कसे आहेत असं मी विचारलं, तर तिनं मान हलवली, बरं की वाईट ते कळलं नाही. त्यानंतर एक फरक मला जाणवला. ती प्रश्न विचारत नव्हती. आगगाडी पुलावरून गेली, हौद भरला आणि रिकामा झाला, बापाचं वय मुलाच्या तिप्पट झालं, तिनं कशालाच का म्हणून विचारलं नाही. मला वाटलं, परीक्षा जवळ आली म्हणून गंभीर झाली असेल. मनातल्या मनात मला बरंच वाटलं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती सलग चार दिवस आली नाही. मूल चार दिवस आलं नाही, की मी घरी जातो. ही माझी जुनी रीत. पाचव्या दिवशी वर्ग संपल्यावर मगदुमांकडं गेलो.

कट्ट्यावर उशी नव्हती. आप्पांची सून, महानंदा, दारात आली. तिनं पदर सावरला आणि काही बोलायच्या आधीच रडायला लागली.

"आप्पांना मिरजेला हलवलंय गुरुजी. ते मूळव्याधीचं केल्यापासून जखम भरलीच नाही. म्हैनाभर नुसतं कळा काढत होते. आता लघवीच्या वाटंनं पण घाण यायला लागली. आतडं आणि लघवीची पिशवी, मधला पडदाच फाटलाय म्हणतात."

"मूळव्याधीनं असं होतं?" मी विचारलं.

"मूळव्याध नव्हतीच. मिरजेचे डॉक्टर ह्यांच्यावर चिडले. म्हणाले, शेक दिलेल्या जागेला हात लावायचा नसतो. शेक दिल्यात हे त्या डॉक्टरला का सांगितलं नाही?"

"कसले शेक?"

"आम्हाला तरी कुठं ठाऊक होतं? हर्निया म्हणून सांगितलंवतं आम्हाला. सोलापूरला दोन म्हैने शेक घेत होते, प्रोस्टेटच्या कॅन्सरचे. नणंदेला तेवढं माहीत. तिला शपथ घातली होती. आता पोटाला भोक पाडून पिशवी लावल्या. संडास त्यातनं."

मी दाराच्या चौकटीला धरलं. महानंदा बोलत होती, मला ती दिसत होती, पण तिच्यामागं, आतल्या दाराच्या फटीत, शिवलीला उभी होती. ती माझ्याकडं बघत होती. तिचं बोट ओठांवर होतं.

"पाणी आणू का गुरुजी? बसा. अगं शिवलीला, गुरुजींना पाणी आण."

तिनं तांब्या-भांडं आणलं. महानंदा चहा टाकायला आत गेली. मी भांडं घेतलं नाही.

"तुला माहीत होतं," मी हळू म्हणालो. "आप्पांचं."

तिनं मान डोलावली.

"बोट काढ. बोल."

तिनं बोट काढलं. "आप्पांना बारीक अक्षर दिसत नाही. सोलापूरचे कागद मीच वाचून दाखवत होते. कोणाला सांगायचं नाही म्हणून त्यांनी शपथ घातली."

"मग मला का नाही..." माझं वाक्य पुरं झालं नाही. सोमवार मला आठवला.

"मी सांगितलं होतं गुरुजी," ती म्हणाली. "तुम्ही बोलू नको म्हणालात, म्हणून कागदावर सांगितलं. तुम्ही बरोबरची खूण केलीत."

मी चहा न घेता निघालो. घरी आल्यावर चपला न काढता कपाटाजवळ गेलो, तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा जमिनीवर सोडला आणि खाली बसलो. कुमुद विचारत होती, काय झालं, काय शोधताय. अकरावा कागद तिचा होता. माझी लाल खूण. 'छान. अक्षर सुधार.' बाण. 'कृपया मागे पाहा.'

मी कागद उलटा केला.

मागं छापलेलं होतं. वर मिरजेच्या त्या दवाखान्याचं नाव, खाली कोणाच्यातरी शाईनं माझं नाव आणि वय. 'रेडिएशन घेतलेल्या रुग्णांसाठी सूचना.' दिवाळीच्या आवराआवरीत कुमुदनं फाइलीतून काढून, कापून, गठ्ठ्यात घातलेला कागद, जो मी आधीच्या एखाद्या सरावाला मुलांना वाटला होता आणि शिवलीलानं मंगळवारपर्यंत जपून ठेवला होता. दोन ओळींखाली पेन्सिलीनं रेघा होत्या, मी धड्यातल्या महत्त्वाच्या वाक्यांखाली मारायला शिकवतो तशा, पट्टीनं.

'उपचारानंतर सहा महिने ते दोन वर्षांत काही रुग्णांना शौचाची घाई होते, रक्त किंवा आव पडते. याचा अर्थ आजार परत आला असा होत नाही. परंतु आम्हाला दाखवावे.'

'मूळव्याध समजून इतरत्र इंजेक्शन, जाळणे अथवा शस्त्रक्रिया करून घेऊ नये. कोणत्याही डॉक्टरांना रेडिएशन घेतल्याचे आधी सांगावे.'

समासात, पेन्सिलीनं, अगदी सुवाच्य अक्षरात: 'गुरुजी, आप्पांचं गुरुवारी आहे. मी कोणाला सांगितलेलं नाही. तुम्ही सांगाल का?'

बुधवारी हा कागद माझ्या हातात होता. बुधवारी संध्याकाळी मी आप्पांच्या कट्ट्याशी उभा होतो.

किती वेळ बसलो ते मला सांगता येत नाही. कुमुदनं माझ्या हातातून कागद घेतला, दोन्ही बाजू वाचल्या. मग ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली. तिनंच तो कागद कापला होता.

दुसऱ्या दिवशी मी मिरजेला आप्पांना भेटलो. पोटावर चादर होती. मी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. माझे शेक, माझं रक्त, सोमवार, कागद. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"म्हंजे तुमचा मणका पण झूट," ते म्हणाले.

"हो."

"आन माझा हर्निया." त्यांनी चादर सारखी केली. "पोरगी दोघांची शपथ पाळत बसली ओ. चार दिवस जेवत नव्हती तवा मी सुनंला म्हटलं, परीक्षेचं भ्या घेतलंय." त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. "जावा तुम्ही आता गुरुजी. तिला पाठवा कुणाबरबर. मला तिच्याशी बोलायचंय."

सोमवारी वर्गात अकराच्या अकरा होते. मी फळ्यावर काही लिहिलं नाही.

"मला एक आजार झाला होता," मी म्हणालो. "कॅन्सर. त्यासाठी शेक घेतले. त्यामुळं मला मध्येच संडासला जावं लागतं, एकदम, थांबता येत नाही. एकाग्रतेसाठी डोळे मिटायला सांगतो हे खोटं होतं. इथून पुढं तुम्ही डोळे मिटू नका. तुमच्या घरच्यांना मी आज संध्याकाळी सांगणार आहे. त्यानंतर ज्यांना यायचं नसेल त्यांनी येऊ नये."

मग मागच्या रांगेतला सर्वेश कांबळे म्हणाला, "आम्हाला माहीत होतं गुरुजी."

"काय माहीत होतं?"

"तुम्ही संडासला जाता ते. अंगणातली कडी वाजते." त्यानं शेजारच्याकडं पाहिलं. "शिवलीलानं आम्हाला एकोणतीसचा हळू म्हणायला लावला होता. म्हणजे तुम्हाला वेळ पुरतो. पटापट म्हटलं की चिमटा काढायची."

मी तिच्याकडं पाहिलं. ती बाकावर हाताची घडी घालून बसली होती. मग तिचा हात वर गेला. महिन्याभरात पहिल्यांदा.

"गुरुजी, एक विचारू?"

"विचार."

"आप्पांची पिशवी कायमची आहे का?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "उद्या मिरजेला जातोय, माझंही दाखवायला. विचारून येतो आणि तुला सांगतो."

तिनं मान डोलावली. मी पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा सोडला आणि प्रत्येकाला एकेक वाटला. गणित सांगितलं. बाकीची मुलं खाली मान घालून लिहायला लागली. शिवलीलानं तिचा कागद उचलला, उलटा केला, मागची बाजू वरपासून खालपर्यंत सावकाश वाचली, आणि मगच पेन्सिल हातात घेतली.